पहिला धडा भोवऱ्याचा

मुलाला लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) आणायचं तर पहिली वस्तू कोणती, हा पालकांचा ठरलेला प्रश्न. वाडगा नको. वाडगा वाकडा झाला तरी त्यातून चिवडा खाता येतो. भोवरा मात्र फेकल्याक्षणी चूक दाखवतो.

लाकूड आंब्याचं घ्या, चांगलं वाळलेलं, ५ सेंमी चौरस आणि १२ सेंमी लांब. सावंतवाडीच्या खेळण्यांत पांगाराही वापरतात, पण तो इतका मऊ की धार थोडी कमी पडली तरी रेषे उठतात. शिसवी मुलांसाठी टाळा. तिच्या भुशाने कातडीला आणि श्वासाला त्रास होऊ शकतो. दोन्ही टोकांना कर्ण आखून मध्य काढा, कोपरे रंध्याने मारून ठोकळा अष्टकोनी करा. चौकोनी ठोकळ्याचे धक्के लहान हातांना झेपत नाहीत. गोल करून एका टोकाला चकसाठी (लेथवर लाकूड पकडणाऱ्या जबड्यासाठी) २ सेंमीची खुंटी काढणं, हे काम मोठ्यांचं.

आता मूल. लेथचा अक्ष त्याच्या कोपराच्या उंचीला हवा. नसेल तर डुगडुगणारं स्टूल नको, रुंद, पक्का चौथरा द्या. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, केस बांधलेले, बाह्या कोपराच्या वर. हातमोजे अजिबात नाहीत, फिरत्या लाकडाने ते ओढले तर बोटंही जातात. बंद करायचं बटण मोठ्यांच्या हाताशी. टेकण (हत्यार टेकवायची आडवी पट्टी) लाकडापासून ३ मिमीवर ठेवून ठोकळा एकदा हाताने फिरवून पाहा, मगच वीज.

वेग मिनिटाला ८०० फेरे पुरे. गज, म्हणजे खोलगट पात्याचं कातायचं हत्यार, आधी टेकणावर टेकवायचा, मग धारेमागची उतरती बाजू लाकडावर घासू द्यायची, मग मूठ हळूहळू उचलायची. कापणं सुरू होतं ते इथे. बहुतेक मुलं (आणि बहुतेक बाबा) थेट टोक खुपसतात. पाठीला आधार नसलेली धार लाकडात रुतते आणि हत्यार झटक्यासरशी उसळतं. दुसरी चूक चढाला कापण्याची. जाड भागाकडून बारीक भागाकडेच कापायचं, नाहीतर रेषे उलटे उचकटतात. काय चाललंय ते मुलाला छिलक्यावरून ओळखू द्या: लांब रिबन निघाली तर ठीक, नुसता भुसा पडला तर धार गेली. जोर वाढवू नका, गज सहाणेवर न्या.

घासताना टेकण काढून ठेवा, तोंडाला मास्क लावा. पॉलिशपेपर बोटाला गुंडाळायचा नाही, पट्टी नुसती खालून टेकवायची.

लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने ती वितळून चढते, केवड्याच्या पानाने दाबून पुसली की चमकते. लाकूड ओलं असेल तर ती नंतर सुटते. हा भाग मुलांना सर्वांत आवडतो. तो घाईत उरकू नका.

शेवटी आर, म्हणजे भोवरा ज्यावर फिरतो ते लोखंडी टोक. टेलस्टॉकमध्ये (चकसमोरच्या, लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारात) २.५ मिमीचं ड्रिल लावून, सावकाश फिरवत, अगदी अक्षावर भोक पाडा. ३ मिमीचा खिळा थेट ठोकला तर भोवरा फुटतो. खिळा बसवून टोपी कापा, कानशीने टोक गोल करा. आता वीज बंद. आरेजवळ पेन्सिल धरून चक हाताने फिरवा. पेन्सिलचं टोक आणि आर यांमधली फट कमी-जास्त होत असेल तर आर तिरकी आहे. हलक्या हातोडीने सरळ करा. हे आत्ताच, कारण खुंटी कापल्यावर भोवरा पुन्हा चकमध्ये धरता येत नाही. मग करवतीने खुंटी कापा, डोक्यावरची खूण घासा आणि जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, मुलाच्या हातात द्या.