नाताळात नंबर एकला शांतता

डिसेंबर 2010. लंडनमधल्या सोहोत डीन स्ट्रीटवरचा एक रेकॉर्डिंग स्टुडिओ. आत ऑर्बिटल आणि द कुक्स हे बँड आहेत, अजून बरेच गाणारे-वाजवणारे जमलेत, माइक सुरू झाले, रेकॉर्डिंग सुरू झालं आणि कुणीच काही वाजवत नाहीये. गात नाहीये. चार मिनिटं तेहतीस सेकंद सगळे नुसते गप्प. मग टेक ओके. आणि हे त्या वर्षी नाताळला विकायला काढलेलं सिंगल, म्हणजे सुटं विकलं जाणारं एक गाणं!

हे समजायला ब्रिटनचं एक वेड माहिती पाहिजे. नाताळच्या आठवड्यात विक्रीच्या चार्टवर कुठलं गाणं पहिलं येतं यावर तिथे लोक चक्क पैजा लावतात, 1973 ला स्लेड आणि विझर्ड या दोन बँडमध्ये जी चुरस झाली ना तेव्हापासून तर जास्तच. पण 2005 ते 2008 सलग चार वर्षं एक्स फॅक्टर या टीव्ही शोचा विजेताच पहिला यायला लागला आणि लोक वैतागले. 2009 ला फेसबुकवर कॅम्पेन निघालं, रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं 1992 चं किलिंग इन द नेम सगळ्यांनी त्याच आठवड्यात विकत घ्यायचं. नाताळशी काडीचा संबंध नाही, शिव्या भरपूर, पण पाच लाखांच्या वर विकलं गेलं आणि आलं पहिलं.

मग पुढच्या वर्षी काय? रेजच्या जागी केज. कॅम्पेनचं नाव, केज अगेन्स्ट द मशीन.

जॉन केज. संगीतकार, लॉस एंजेलिसचा, जन्म 1912. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू-बोल्ट घालून वाजवणारा, जंगलात मश्रूम शोधत हिंडणारा, आणि 1959 ला इटलीतल्या टीव्ही क्विझमध्ये त्याच मश्रूमवरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन पन्नास लाख लिरा जिंकणारा माणूस. चार्टशी त्याचा कधी संबंधच नव्हता, आणि त्याची सगळ्यात गाजलेली रचना म्हणजे ही, 4'33", जिच्यात वाजवणाऱ्यानं मुद्दाम एकही सूर काढायचा नसतो. फॅन लोकांना गंमत ही वाटत होती की ही पहिली आली तर रेडिओवाल्यांना सगळ्या देशाला साडेचार मिनिटं शांतता ऐकवावी लागेल. आणि रेडिओला शांतता चालतच नाही हो! 2004 ला बीबीसीनं लंडनच्या बार्बिकन हॉलमधून ही रचना ऑर्केस्ट्रासकट लाइव्ह लावली तेव्हा आधी इमर्जन्सी सिस्टीम बंद करून ठेवायला लागली होती, नाहीतर प्रक्षेपण बंद पडलंय असं समजून मशीननं आपोआप दुसरंच काहीतरी लावलं असतं.

आता मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. ही गंमत केजला अगदी पटली असती, कारण मूळ कल्पना अशीच होती. 1948 च्या एका भाषणात त्यानं सांगितलं होतं की मला एक अखंड शांततेचा तुकडा लिहायचाय आणि तो म्युझॅक कंपनीला विकायचाय. म्युझॅक म्हणजे दुकानांत, ऑफिसांत दिवसभर मागे गाणी वाजवत ठेवणारी तेव्हाची कंपनी. नाताळात कुठल्याही मोठ्या दुकानात जा, तीच ती घंटांची गाणी डोक्यावर आदळत असतात, आणि केजला तिथेच तीन किंवा साडेचार मिनिटं शांतता लावायची होती. नावही ठरलं होतं, सायलेंट प्रेयर.

त्याच्या दोनेक वर्षं आधी अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कमध्ये त्याच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या आणि बदल्यात त्याला आपलं संगीत शिकवत होत्या. संगीत कशासाठी असतं असं त्यानं विचारलं, तर त्यांनी आपल्या गुरूंचं सांगणं सांगितलं, मन शांत व्हावं आणि दैवी गोष्टींसाठी मोकळं व्हावं म्हणून. केज हे आयुष्यभर सांगत राहिला.

मग 29 ऑगस्ट 1952, न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळचा एक लाकडी हॉल, मागून जंगलाकडे उघडा. 4'33" पहिल्यांदाच लोकांसमोर येत होती. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोवर बसला, झाकण बंद केलं, स्टॉपवॉच लावलं. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात लोकांची कुजबुज आणि उठून जाणाऱ्यांची पावलं. लोक चिडले, पण केजसाठी हेच तर संगीत होतं. आदल्या वर्षी हार्वर्डच्या आवाजबंद खोलीत बसूनही त्याला दोन आवाज आलेच होते, त्याच्याच शरीराचे. पूर्ण शांतता नसतेच, हे तो तिथून घेऊन आला.

म्हणूनच 2010 च्या त्या सिंगलचे पैसे ज्या संस्थांना जाणार होते त्यातलं एक नाव वाचून मी थांबलोच, ब्रिटिश टिनिटस असोसिएशन. टिनिटस म्हणजे कानात सतत गुंई आवाज येत राहणं. ज्यांना शांतता मिळतच नाही, त्यांच्यासाठी लोक शांतता विकत घेत होते.

पहिला नंबर नाही आला. तो एक्स फॅक्टरच्या मॅट कार्डलला मिळाला. केज एकविसावा. पण त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती, आणि एकही सूर नसलेला तुकडा ब्रिटनच्या टॉप पंचवीसमध्ये होता, लोकांनी खिशातून पैसे घालून आणलेला.

वुडस्टॉकला पहिला भाग 30 सेकंदांचा होता. तेवढा वेळ मी आता बोलत नाही, म्युझिकही बंद करतोय. तुमच्याकडे काय काय ऐकू येतंय ते ऐका.