नऊने सुरू होणारा नंबर

न्यू जर्सीतलं एडिसन. मार्च महिना. जेवणाच्या टेबलावर टॅक्सचे कागद पसरलेत. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. त्याला सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक, आहे. तिला नाही, कारण तिला नोकरीची परवानगीच नाही. पण दोघांनी एकत्र रिटर्न भरलं, तर स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, दुप्पट होतं. 2024 सालासाठी 14,600 डॉलरऐवजी 29,200. मग तिच्या नावापुढच्या चौकटीत भरायचं काय?

त्या चौकटीसाठी आयआरएसनं, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्यानं, 1996 मध्ये वेगळा नंबर सुरू केला. लोक त्याला ‘आयटिन’ म्हणतात. दिसायला सोशल सिक्युरिटीसारखाच, नऊ आकडी. फक्त आयटिन नेहमी 9 ने सुरू होतो, सोशल सिक्युरिटी नंबर कधीच नाही. कॅलिफोर्नियातल्या शेतावर बिनकागदाचा राबणारा मजूरही याच नंबरावर कर भरतो. कर घेताना खातं कुणाला परकं मानत नाही!

अर्जाचा फॉर्म डब्ल्यू-सेव्हन. तो रिटर्नला जोडून टपालानं टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचा. सोबत मूळ पासपोर्ट, नाहीतर तो देणाऱ्या कचेरीनंच प्रमाणित केलेली प्रत. झेरॉक्सवर सही-शिक्का घेत मोठे झालो आपण, पण इथे नोटरीचा शिक्काही चालत नाही. उत्तर यायला सात आठवडे, करभरणीच्या हंगामात नऊ ते अकरा. आणि तेवढ्यात पुण्याहून मध्यरात्री फोन आला तर? पासपोर्ट ऑस्टिनमध्ये, आई दवाखान्यात. म्हणून बरेच जण आयआरएसनं नेमलेला एजंट गाठतात. तो फी घेतो, पण पासपोर्ट पाहून तिथल्या तिथे परत देतो.

एवढं करून हाती येतं एक पत्र. त्यावर नोकरी मिळत नाही, पेन्शन मिळत नाही. सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही, तर नंबर बाद.

याच घरात दोन मुलं आहेत. धाकटी इथे जन्मली, तिला सोशल सिक्युरिटी नंबर. तिच्यापोटी 2024 च्या करात 2,000 डॉलरपर्यंत सवलत. थोरला पुण्यात जन्मला, त्याला आयटिन. त्याच्यापोटी 500. दोघं एकाच शाळेत जातात, एकाच बसनं.