मिनिटभराचा जीव

(दृश्य: नागपूरजवळचं मत्स्यबीज केंद्र. जुलैची रात्र, बारीक पाऊस.)

मासा नर की मादी, हे इथली मंडळी हात लावून सांगतात. पावसाळ्यात नराचा छातीजवळचा पर पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. मादीचा गुळगुळीतच राहतो. बॅटरीच्या उजेडात एक जण कटला जातीच्या नराला ओल्या फडक्यात धरतो, दुसरा त्याचं पोट कोरडं पुसतो. "पाणी नको लागू देजो भाऊ," मागून आवाज येतो. मग अंगठा पोटावरून हलकेच शेपटीकडे सरकतो आणि दुधासारखा पांढरा थेंब कोरड्या नळीत उतरतो. हा मिल्ट, म्हणजे नराचं वीर्य.

पाण्याची एवढी धास्ती का? नराच्या पोटात शुक्राणू निपचित असतात. पाणी लागलं की ते पळत सुटतात आणि कटला, रोहूसारख्या माशांत जेमतेम मिनिटभरात दमून थांबतात, ते कायमचे. अंड्यावर आत शिरायला एकच बारीक छिद्र असतं. नदीत त्या मिनिटातच ते गाठायचं असतं.

आणि आपल्याला हाच थेंब वर्षानुवर्षं टिकवायचा आहे.

कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. तळ्यात कितीही खायला घाला, वीण होत नाही. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली. देशभर मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली ती त्यानंतर. पण अनेक ठिकाणी त्याच मोजक्या नर-माद्या, मग त्यांचीच पिल्लं, वर्षानुवर्षं विणीला वापरली गेली. भावाबहिणींची वीण झाली की वाढ खुंटते, मरतूक वाढते. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडणाऱ्या ढीवर (मासेमार) बांधवांची वर्षाची कमाई त्या बियाण्यावर असते. म्हणून हा विषय मला प्रयोगशाळेपुरता वाटत नाही.

दूरच्या नदीतला दांडगा नर जिवंत इथवर आणणं महागाचं आणि जोखमीचं. त्याचा मिल्ट मात्र गोठवून एका कांडीत, म्हणजे बारीक नळीत, येतो.

कांडी म्हटलं की विदर्भातल्या गोपालकाला समजावून सांगावं लागत नाही. गाईच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर मोटरसायकलवर डबा बांधून येतात, त्यात वीर्याच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या असतात. तोच हा नायट्रोजन, उणे 196 अंशांचा. माशाचं वीर्य असं गोठवणं पहिल्यांदा साधलं 1953 मध्ये, ब्लॅक्स्टर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाला. हेरिंग माशाचा एक कळप वसंतात विणायचा, दुसरा शरदात. त्यांची गाठ कधी पडायचीच नाही. त्यांनी एकाचं वीर्य गोठवून दुसऱ्याच्या हंगामापर्यंत राखलं.

(दृश्य: प्रयोगशाळा. मेजावर अर्ध्या मिलिलिटरच्या कांड्या.)

नुसतं गोठवून भागत नाही. पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी आतूनच फाटते. म्हणून मिल्ट आधी क्षारांच्या द्रावणात पातळ करतात. शुक्राणू त्यात झोपलेलेच राहतात. सोबत डीएमएसओसारखं रसायन घालतात, ते स्फटिकांना आवर घालतं. भरलेल्या कांड्या आधी काही मिनिटं नायट्रोजनच्या वाफेवर ठेवायच्या, मग द्रवात बुडवायच्या. वापरताना कोमट पाण्यात काही सेकंद धरून लगेच अंड्यांवर ओतायचं, पिसाने हलकेच ढवळायचं आणि त्यानंतरच पाणी घालायचं. मिनिट तेव्हा सुरू होतं.

अंडी मात्र अशी राखता येत नाहीत. बलकाने भरलेलं ते मोठं अंडं गोठताना टिकत नाही. त्यामुळे या डब्यात वंशाची अर्धीच बाजू आहे, मादी तळ्यात सांभाळावीच लागते. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने आपल्या अनेक माशांचं वीर्य गोठवण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. नागपुरात तर पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठच आहे. गाय आणि मासा एकाच छताखाली शिकवले जातात. या कांड्या मत्स्यबीज केंद्रांच्या रोजच्या कामात आल्याच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: मे महिना, दुपार. खोलीत कूलरचा आवाज.)

नागपूरचा मे. डब्यातला नायट्रोजन सतत उडत असतो, कांड्या उघड्या पडल्या तर सगळं गेलं. एक मुलगी झाकण उचलते, लाकडी पट्टी तळापर्यंत घालते, थोडं थांबते, बाहेर काढून हवेत हलवते. पट्टीवर पांढरा बर्फ धरतो. तो कुठवर चढलाय ते बघून ती वहीत आकडा लिहिते आणि दुसरा डबा ओढून वरून नायट्रोजन ओतायला घेते.