शेवटचं वाक्य आधी

(लालबाग. चाळीची गॅलरी, रात्रीचे साडेनऊ. कुठेतरी कुकरची शिट्टी.)

उद्या अकराला लोअर परळमध्ये इंटरव्ह्यू. समोरच्या खोलीतला दादा स्टुलावर बसलाय, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून. "हं, स्वतःबद्दल सांग."

ती सुरू होते. नाव, गाव, तालुका, बाबांची नोकरी, दहावीचे टक्के... बी.कॉम.पर्यंत पोचेतो 2 मिनिटं 10 सेकंद.

"अगं, हे सगळं बायोडेटात आहे ना? तो त्यांच्या पुढ्यातच असतो."

तिची तरी काय चूक? आपल्याकडे नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न गावाचाच. गोष्ट मुळापासून सांगायची, मुद्दा चहा संपताना. पाहुण्यांत खपतं ते.

(लोअर परळ. काचेच्या इमारती, मधेच गिरणीची एक चिमणी.)

उद्या ती जिथे जाणार, तिथे एकेकाळी भरती गिरणीच्या फाटकावर व्हायची. जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, माणूस निवडायचा. बोलून दाखवायची वेळच यायची नाही. 1982 च्या संपानंतर एकेक भोंगा बंद होत गेला, पुढे त्याच जमिनींवर ऑफिसं उभी राहिली.

(पुन्हा गॅलरी.)

"कामात अडचण आली तेव्हा काय केलंस?"

सीएच्या ऑफिसातली उमेदवारी तिला आठवते. पण उत्तर निघतं ते पावसात रखडलेल्या लोकलपासून, आणि सर किती चिडले होते तिथेच अडकतं. दादा हात वर करतो. "शेवटी झालं काय? ते आधी बोल."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. मग एका दमात:

"ट्रायल बॅलन्समध्ये 2,700 चा फरक येत होता, त्यातली चूक मी तासाभरात शोधली. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात होता, म्हणून आधी उलटे पडलेले आकडे तपासले. लेजरला 6,300 चे 3,600 झाले होते."

स्टॉपवॉच बघायचं दादा विसरलाच. यात सर चिडलेले नाहीत, लोकलही रखडलेली नाही. पण हिला काम येतं हे कळलं. वर समोरचा आता विचारणार, "9 नेच का?" शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरकाला 9 ने भाग जातोच. म्हणजे पुढचा प्रश्नही तिच्याच आवडीचा.

"चल, परत एकदा. स्वतःबद्दल."

या खेपेला 50 सेकंद. दादा खूश. दारात लसूण सोलत बसलेली आजी मात्र नाही.

"आणि गाव गं? गावाचं नाव नाही घेतलंस ते?"