हात बसण्याआधीचा निकाल

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर २०११ मध्ये निन्टेंडोच्या वी या कन्सोलसाठी 'द लेजंड ऑफ झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड' हा गेम बाजारात आला. त्यात तलवार बटण दाबून चालत नाही. हातातला रिमोट जसा फिरवाल तशी पडद्यावरची तलवार फिरते. आयजीएन या गेमिंग संकेतस्थळाने या गेमला १० पैकी १० गुण दिले, जपानच्या फामित्सू या नियतकालिकाने ४० पैकी ४०. गेमस्पॉट या संकेतस्थळाने दिले १० पैकी साडेसात, आणि नाराजीचं एक मोठं कारण होतं मोशन कंट्रोल, म्हणजे हाताच्या हालचालीने गेम चालवणं. गेम तोच, रिमोट तोच, तरी जाणत्या समीक्षकांची मतं एवढी लांब कशी गेली?

माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. मोशन कंट्रोलच्या बाबतीत समीक्षक बऱ्याचदा न्याय करत नाहीत, आणि हा अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. कधी गेमला उगाच झोडपलं जातं, कधी नाव मोठं म्हणून सांभाळून घेतलं जातं. सेन्सरची मर्यादा, गेम बनवणाऱ्याची चूक आणि खेळणाऱ्याच्या हाताची जुनी सवय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षणात मात्र त्या 'कंट्रोल नीट चालत नाहीत' एवढ्याच शब्दांत गुंडाळल्या जातात. त्यातली कोणती गोष्ट आड आली, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

सुरुवात सेन्सरपासून करू. २००६ मध्ये वी आला तेव्हा त्याच्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलेरोमीटर (हालचाल आणि कल ओळखणारा सेन्सर) होता आणि पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीला सगळे सेन्सर बार म्हणत, पण त्या पट्टीत सेन्सर नाहीच. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, आणि ते दिवे पाहून रिमोट आपण कुठे रोखले गेलोय हे ओळखतो. म्हणूनच टीव्हीजवळ थेट ऊन पडलं किंवा हॅलोजनचा दिवा लागला की पडद्यावरचा बाण थरथरतो. अ‍ॅक्सेलेरोमीटरला गुरुत्वाकर्षणामुळे 'खाली' कुठे आहे ते समजतं, त्यामुळे रिमोट किती कललाय तेही समजतं. पण रिमोट जमिनीला समांतर धरून डावीकडून उजवीकडे वळवला, तर त्याला पत्ताच लागत नाही, कारण खालची दिशा बदललेलीच नसते. तलवारीच्या खेळात हेच वळण सारखं लागतं. वीबरोबर आलेल्या 'रेड स्टील'मधल्या तलवारबाजीवर समीक्षकांनी टीका केली, ती म्हणून रास्त होती. यंत्रालाच हात पुरता दिसत नव्हता. २००९ मध्ये मोशनप्लस नावाची जोडणी आली, तिच्यात वळण ओळखणारा जायरोस्कोप हा सेन्सर होता, आणि २०१० च्या 'रेड स्टील २'ने ती जोडणी सक्तीची केली. तलवार हाताच्या कह्यात आली, आणि समीक्षकांनी तसं लिहिलंही.

जायरोस्कोपचं दुखणं वेगळं आहे. तो कोन मोजत नाही, वळण्याचा वेग मोजतो. यंत्र त्या वेगाची बेरीज करत करत कोन काढतं. रिमोट स्थिर असताना सेन्सर शून्याऐवजी सेकंदाला ०.१ अंश असा बारीक चुकीचा वेग सांगत असेल, तर एका मिनिटात ६ अंशांची चूक साचते. हात सरळ असतो आणि तलवार तिरकी दिसायला लागते. सेन्सर गरम झाला की ही चूक आणखी बदलते. उपाय साधा आहे. खेळ सुरू करण्याआधी रिमोट सपाट टेबलावर काही सेकंद अजिबात न हलवता ठेवायचा, म्हणजे यंत्राला शून्य कुठे आहे ते कळतं. हातात धरून, बोलता बोलता ही पायरी उरकली की पुढचा सगळा वेळ चूक साचत राहते. 'स्कायवर्ड सोर्ड'मध्ये रोखण्यासाठीही इन्फ्रारेडऐवजी जायरोच वापरलाय, त्यामुळे बाण सरकला तर दिशाबटण खाली दाबून तो मध्यावर आणावा लागतो. हे न करता 'बाण भलतीकडे जातो' असं लिहिणं चूक. उलट, दर थोड्या वेळाने बाण मध्यावर आणावा लागतो ही गोष्ट परीक्षणात न सांगणंही चूकच. पूर्ण गुण देणाऱ्यांनी ती ठळकपणे सांगायला हवी होती.

आता हाताच्या सवयीकडे येऊ. याच गेममधला पहिला मोठा शत्रू घिराहिम. तो समोर उभा राहतो, एक हात पुढे धरतो, आणि तुमची तलवार जिकडे असेल तिकडे तो हात नेतो. समोरून वार केलात की तलवार दोन बोटांत पकडतो. खेळणारा चिडतो, आणखी जोराने हात फिरवतो, पुन्हा तेच. इथे जोराचा काही उपयोग नाही. तलवार सावकाश एका बाजूला न्यायची, घिराहिमचा हात तिकडे येऊ द्यायचा, आणि मग झटकन दुसऱ्या बाजूने मनगटाचा छोटा झटका द्यायचा. वर्षानुवर्षं बटणांवर खेळलेला माणूस वार करण्याआधी हात मागे खेचतो, कारण त्याच्या मते हात मागे नेणं ही तयारी असते, वार नसतो. इथे तलवार हाताबरोबर फिरते, त्यामुळे ती तयारीही शत्रूला दिसते, आणि पुष्कळदा यंत्र त्या मागे नेण्यालाच वार समजतं. खांद्यापासून फिरवलेला हात यंत्राला गोंधळात टाकतो, मनगटाचा झटका त्याला स्वच्छ कळतो. हे कळायला, आणि कळल्यावर हातात बसायला वेळ लागतो. आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवलेला माणूस उजवीकडून चालवायच्या देशात पहिल्याच दिवशी 'गाडीत खोट आहे' म्हणत नाही. समीक्षकाला मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत लांबलचक गेम संपवून लेख द्यायचा असतो. हात सगळ्यात अवघडलेला असतानाच त्याला निकाल लिहावा लागतो.

म्हणून सगळा दोष सवयीवर ढकलायचा का? मुळीच नाही. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी 'लेअर' आला. त्यात कंट्रोलर कलवून ड्रॅगन उडवायचा होता. परीक्षणं वाईट आली, तेव्हा सोनीने समीक्षकांना गेम कसा खेळावा याची पुस्तिका पाठवली. चूक खेळणाऱ्यांची, असाच त्याचा अर्थ होत होता. पुढे २००८ मध्ये याच गेममध्ये अंगठ्याने ढकलायच्या साध्या स्टिकने उडवायची सोय अपडेटने द्यावी लागली. जो गेम पुस्तिकेशिवाय शिकवता येत नाही, त्याने शिकवण्याचं आपलं काम केलेलं नाही. २०१२ चा 'स्टील बटालियन: हेवी आर्मर' त्याहून वाईट. त्यात किनेक्ट या अंगाच्या हालचाली ओळखणाऱ्या कॅमेऱ्यासमोर बसून रणगाड्याच्या काल्पनिक कळा हाताने ओढायच्या होत्या. किनेक्ट सेकंदाला ३० चित्रं घेतो. एक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंदांचं, आणि त्यातून हात कुठे आहे हे ओळखायला आणखी वेळ जातो. त्यात शेजारशेजारच्या कळांसाठी जवळजवळ सारखेच हातवारे. एक कळ ओढायला जावं तर दुसरीच सुटते. हे शंभर तास खेळूनही सुधारत नाही. समीक्षकांनी हा गेम धुऊन काढला, आणि तो निकाल योग्यच होता.

अवघड जागा या दोन टोकांच्या मधे आहे. एप्रिल २०१६ मधला, वीनंतरच्या वी यू या कन्सोलवरचा 'स्टार फॉक्स झीरो' तसा. टीव्हीवर विमान मागून दिसतं, हातातल्या गेमपॅडच्या पडद्यावर विमानाच्या आतून दिसतं, आणि नेम धरायचा गेमपॅड कलवून. नजर दोन पडद्यांमध्ये सतत फिरते. पॉलिगॉन या संकेतस्थळाच्या समीक्षकाने तर गेम पुढे खेळायला नकार दिला आणि गुण न देताच लेख लिहिला. या प्रामाणिकपणाला मी मान देईन. काहींना हात बसल्यावर तोच गेम आवडला. पण दोन पडद्यांचा ताण आणि जायरोने धरलेला नेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेम अचूक होता, ताण मांडणीचा होता. बहुतेक लेखांत हा फरकच सापडत नाही.

२०२१ मध्ये 'स्कायवर्ड सोर्ड' निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर पुन्हा आला. यावेळी उजवी स्टिक ढकलून वार करण्याची सोय दिली होती, आणि वाय बटणाने बाण मध्यावर येत होता. तक्रार करणाऱ्यांना जे हवं होतं ते मिळालं. तरी परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरचं सरासरी मत ९३ वरून ८१ वर आलं. कंट्रोल सुधारले आणि आकडा घसरला. दहा वर्षांत अपेक्षा बदलल्या, गेम जुना झाला होता, हे सगळं त्यात आलं. त्यामुळे त्या एका आकड्यावरून कंट्रोलबद्दल काहीच कळत नाही, आणि वाचणारा तर आकडाच आधी बघतो.

मग परीक्षण कसं व्हावं? लिहिणाऱ्याने आपली पद्धत सांगावी, एवढं तरी मागायला हरकत नाही. खेळताना उभा होता की सोफ्यावर रेलून, टीव्हीपासून किती लांब, खोलीत ऊन येत होतं का. कॅलिब्रेशन, म्हणजे रिमोट टेबलावर ठेवून शून्य ठरवणं, केलं होतं का, संवेदनशीलता मूळची ठेवली की बदलली. पहिल्या दोन तासांत काय चुकलं आणि दहाव्या तासाला त्यातलं काय चुकायचं राहिलं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण दहाव्या तासालाही जे चुकतं ते सहसा यंत्राचं किंवा मांडणीचं असतं. ते तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. एकच हालचाल वीस वेळा करायची. चूक दरवेळी एकाच बाजूला झाली तर सेन्सर सरकलाय. चूक इकडेतिकडे विखुरली, तर हात अजून बसलेला नाही. आणि हालचाल स्वच्छ असूनही गेम दुसरंच काही समजत असेल, तर दोष गेमचा. या तपासाला दहा मिनिटंही लागत नाहीत.

डावखुऱ्या खेळाडूंबद्दलही लिहायलाच हवं, आणि ते क्वचित लिहिलं जातं. झेल्डा मालिकेतल्याच २००६ च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या गेमक्यूब (निन्टेंडोचा वीआधीचा कन्सोल) आवृत्तीत नायक लिंक डावखुरा होता. वीवर बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरणार म्हणून निन्टेंडोने अख्खं जगच आरशात पाहावं तसं उलटं केलं आणि लिंक उजव्या हाताचा झाला. 'स्कायवर्ड सोर्ड'मध्येही तो उजव्या हाताचाच. डावखुऱ्या समीक्षकाचा अनुभव इथे वेगळा असणार, हात थरथरणाऱ्या किंवा एकच हात चालणाऱ्या माणसाचा तर आणखी वेगळा. बटणांचा पर्याय आहे की नाही, हे एक वाक्य त्यांच्या पैशांचा प्रश्न असतो.

आपल्याकडे बऱ्याच तरुण श्रोत्यांना हे सगळं फोनमुळे माहीत आहे. बीजीएमआय या फोनवरच्या नेमबाजीच्या गेममध्ये जायरोस्कोपच्या सेटिंगला तीन पर्याय असतात: बंद, फक्त स्कोप (बंदुकीवरची नेम धरायची काच) उघडल्यावर, आणि कायम चालू. ज्यांनी अजून वापरला नाही किंवा एका मॅचनंतर 'छे, जमत नाही' म्हणून बंद केला, त्यांनी हे करून पाहावं. आधी 'फक्त स्कोप उघडल्यावर' निवडा. ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन रेड डॉट या लाल ठिपक्याच्या स्कोपने भिंतीवरच्या एकाच खुणेवर पूर्ण मॅगझिन झाडा. बंदूक वर उसळली की बोटाने खाली ओढण्याऐवजी फोनची वरची कड आपल्यापासून थोडी दूर झुकवा. नेम खुणेच्या वर राहत असेल तर संवेदनशीलता वाढवा, खाली जात असेल तर कमी करा, आणि प्रत्येक स्कोपसाठी हे वेगळं बसवा. पहिले काही दिवस मारलेल्यांची संख्या कमी होईल. आठवडाभर सेटिंग बदलू नका, नाहीतर हाताला काय शिकायचं तेच कळणार नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच तपासा. काही स्वस्त फोनांत खरा जायरोस्कोप नसतो, इतर सेन्सरांवरून त्याचा अंदाज बांधलेला असतो. तिथे नेम उशिरा हलतो आणि अडखळतो, आणि तो सरावाने सुधारणार नाही.