पोळी कुणी लाटली?

(दृश्य: पहाट. कोथरूडमधलं एक पोळी-भाजी केंद्र. शटर अर्धं वर. आत चार बायका, दोन मोठे तवे.)

निवेदन:
सकाळचे सहा. परातीत कणकेचा डोंगर, वर ओलं फडकं. मावशी लाटी घेतात, बोटानं तेल फिरवतात, चिमूटभर पिठी भुरभुरतात, घडी घालतात. पोळी तव्यावर फुगेपर्यंत हाताखाली दुसरी तयार. दहा-दहाची चळत कागदात गुंडाळून काउंटरवर जाते. थोड्या वेळात आयटीतली पोरं, स्पर्धा परीक्षावाले, एकटे राहणारे आजोबा अशी रांग लागेल.

इथे विकली गेलेली प्रत्येक पोळी देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, कणभर का होईना वाढवते. मावशींनी त्याआधी स्वतःच्या घरी लाटलेल्या पोळ्या वाढवत नाहीत. हात तेच, कणीकही तीच.

(दृश्य: घरातला ओटा. पोळ्यांचा डबा.)

वर्षभरात देशाच्या हद्दीत तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवा यांची किंमत म्हणजे जीडीपी. पण घरच्यांनी घरच्यांसाठी केलेली सेवा त्यात धरायची नाही, असा जगभरचा संकेत आहे. वस्तू मात्र धरायची. म्हणून शेतकऱ्यानं बाजारात न नेता घरी खायला ठेवलेली ज्वारी हिशेबात येते, त्या ज्वारीची भाकरी थापणं येत नाही. त्याहून गंमत म्हणजे, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस कुणालाच भाडं देत नाही, तरी त्या घराचं भाडं अंदाजानं काढून जीडीपीत मिळवतात. कुणी न दिलेलं भाडं हिशेबनिसांना सापडतं. रोज लाटलेली पोळी सापडत नाही, म्हणजे कमालच.

ही चूक नजरचुकीनं झालेली नाही. अमेरिकेत महामंदीच्या काळात अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला. तो १९३४ मध्ये तिथल्या संसदेपुढे गेला. गृहिणींचं काम यात धरलेलं नाही, हे त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज जेमतेमच बांधता येईल, असंही बजावलं. इशारा लोक विसरले, आकडा राहिला.

(दृश्य: बीएमसीसी रस्ता. गोखले संस्थेचं आवार, धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय.)

आपल्याकडे १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस, सदस्य दोनच: अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ म्हणजे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली उभ्या राहिलेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. देशाचं उत्पन्न मोजायला ते दिल्लीला गेले, त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या संस्थेनं पुण्यातली कुटुंबं घरोघर जाऊन पाहिली होती. कोण काय काम करतं, किती मिळवतं, घरात खाणारी तोंडं किती. त्या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये छापून आला.

(दृश्य: मुठा नदी, लकडी पूल. भिंतीवरची पुराची खूण.)

जीडीपीची आणखी एक खोड पुणेकरांना सहज कळेल. १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, खडकवासल्याची भिंतही गेली, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. पिढ्यांची भांडीकुंडी, धान्य, दुकानं, सगळं वाहून गेलं. वर्षाच्या जीडीपीतून ही वाहून गेलेली मत्ता वजा होत नाही, कारण तो आकडा वर्षात काय नवं तयार झालं एवढंच बघतो. मग पूरग्रस्तांसाठी वसाहती बांधल्या, विटा आल्या, सिमेंट आलं, गवंड्यांना मजुरी मिळाली, हे सगळं मात्र अधिक. ज्याचं घर गेलं त्याला विचारा, तो श्रीमंत झाला का!

(दृश्य: पुन्हा गोखले संस्था. मग ताट: भाकरी, आमटी, कांदा.)

दरडोई सरासरीचं दुखणं तर जुनंच. हिंजवडीतला पगार आणि पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतली रोजंदारी एकत्र करून भागाकार केला, की जो माणूस तयार होतो तो दोन्हीकडे राहत नाही. याच संस्थेत अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भागाकार बाजूला ठेवून ताटाकडे पाहिलं. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च किती कुटुंबांना झेपतो? १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना साधारण १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं या रेषेखाली निघाली. १९७१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि दारिद्र्यरेषेवर देशभर वाद सुरू झाला.

त्यातला सगळ्यात रंगलेला वाद पुण्यातच झाला, हे सांगायला नकोच. जागतिक अन्न आणि शेती संघटनेतून परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी असतो असं नाही. माणसामाणसाची गरज वेगळी, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. सुखात्मे बसत ती संस्था गोखले संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. देशात गरीब किती, हा प्रश्न दोन शेजाऱ्यांत अडला होता.

१९९० मध्ये पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक आणि त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकास निर्देशांक आला. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. २०१० पासून या तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढतात, म्हणजे शाळेतली तूट पैशानं सहज झाकता येत नाही. २०२३ च्या आकडेवारीत भारत १९३ देशांत १३० वा. पण पोळी याही हिशेबात नाही.

(दृश्य: मावशींचं घर. संध्याकाळ. पाहणीचा कोरा तक्ता.)

ती फक्त एका ठिकाणी सापडते: वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीत. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. असाच एक तक्ता आम्ही मावशींबरोबर भरायला बसलो. साडेचार, पाणी भरलं. पाच, घरच्या पोळ्या, डबे. सहा ते एक, केंद्रात पोळ्या. दुपारी धुणं, दळण. संध्याकाळी सातच्या रकान्यात आम्ही पुन्हा "घरच्या पोळ्या" लिहायला घेतलं, तर मावशींनी हात धरला.

"अहो, पोळ्या सकाळी लिहिल्यात की. परत कशाला लिहिताय?"