अख्ख्या तोंडाचं काम कधी काढायचं?

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील, आज जरा दातांचं बोलूया. एकदोन दातांचं नाही, अख्ख्या तोंडाचं. आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत फिरताना दवाखान्यांच्या पाट्यांवर 'फुल माउथ रिहॅबिलिटेशन' वाचलं असेल तुम्ही, आणि वाचून बऱ्याच जणांना वाटतं की सगळे दात उपटायचे आणि नवे बसवायचे. तसं नसतं ओ. खरं काम चाव्याचं असतं, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर जिथं आणि जितक्या उंचीवर टेकायला पाहिजेत तिथं ते परत आणायचे, मग त्यासाठी कुठल्या दाताला रूट कॅनल, कुठल्याला कॅप म्हणजे वरून टोपण, रिकाम्या जागी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात) नाहीतर इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर दात), आणि जो दात धडधाकट आहे तो शक्यतो आहे तसा ठेवायचा.

आता हा चावा बिघडतो कसा? आपल्याकडं दाढ काढली की माणूस म्हणतो, राहू दे की, दुसऱ्या बाजूनं खातो. खातो खरा, पण मोकळ्या जागेत शेजारची दाढ कलंडायला लागते, समोरची दाढ त्या खड्ड्यात हळूहळू उतरते, तिथलं हाड झिजत जातं, मग दुसऱ्या बाजूवर लोड येतो, तिकडची पण एखादी जाते आणि शेवटी सगळं चावणं पुढच्या दातांवर येतं, जे तोडायसाठी आहेत, दळायसाठी नाहीत. मग हळूहळू पुढचे दात झिजून आखूड होतात. तेव्हा माणूस तांबड्या रश्श्यातला पीस पोराच्या ताटात सरकवून नुसता रस्सा पितो आणि ऊस सोलून खायचं तर नावच काढत नाही. घरच्यांना वाटतं वय झालं!

झिजायची कारणं आणखी पण आहेत. मिशरी, हे आपल्या भागातलं जुनं दुखणं, बायकांमध्ये जास्त. तंबाखू भाजून केलेली ती भुकटी रोज घासायची म्हणजे दाताला पॉलिश पेपर मारल्यासारखंच आहे, वर हिरड्यांचं आणि कॅन्सरचं भ्या वेगळंच. काही जण झोपेत दात खातात, त्यांना स्वतःला पत्ता नसतो, बायको सांगते. काहींना जुनी ॲसिडिटी असते, पोटातलं ॲसिड वर येऊन पुढच्या दातांची आतली बाजू विरघळवतं, आरशात ते दिसतच नाही. आणि इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, एकदा गेलं की शरीर ते परत बनवत नाही, हाड जुळतं तसं हे जुळत नाही.

मग हे मोठं काम कुणाला लागतं? बऱ्याच दाढा गेल्यात, उरलेले दात झिजून आखूड झालेत, तोंड मिटलं की हनुवटी नाकाकडं सरकल्यासारखी दिसते, ओठांचे कोपरे मुडपून तिथं चिरा पडतात, जबड्याचा सांधा दुखतो, जेवण नीट चावलं जात नाही, अशा माणसाला. अपघातात बरेच दात गेलेले असतील किंवा जन्मतःच इनॅमल कच्चं असेल त्यांना पण. नुसते दात पिवळे आहेत म्हणून लागत नाही. चार दातांत कीड आहे म्हणून पण लागत नाही, तिथं चार दातांचंच काम करायचं. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्याच भेटीत एक्स-रे न काढता, मापं न घेता कुणी सगळ्या दातांच्या कॅपचा रेट सांगत असेल तर उठा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कॅपसाठी चांगला दात चारी बाजूंनी घासावा लागतो आणि घासलेलं परत चिकटवता येत नाही.

नीट काम असं चालतं. आधी ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, दोन्ही जबड्यांची मापं, त्यावर मेणाचे दात करून बघणं. त्याच्या बरोबरीनं हिरड्यांचा पू, कीड, मोडकी मुळं हे साफ करायचं, शुगर असेल तर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, बघायची, कारण शुगर चढलेली असताना हिरड्या आणि हाड लवकर भरत नाहीत. गुटखा खाणाऱ्याचं तर आणखी अवघड, राज्यात 2012 पासून बंदी आहे पण तोंडं अजून आखडतायत. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर आधी त्याचा इलाज, कारण तोंड उघडल्याशिवाय डॉक्टरचा हात पोचणार कुठं? कॅन्सरसाठी जबड्याला लाईट (रेडिएशन) दिली असेल किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन-गोळ्या चालू असतील तर हे न विचारता सांगा, दात काढल्यावर हाड न भरण्याचा धोका असतो.

मग येतात तात्पुरत्या कॅप, आणि लोक इथंच कंटाळतात. नवी उंची जबड्याला झेपते का, सांधा दुखतो का, 'स' आणि 'फ' नीट येतात का, गाल चावला जातो का, हे काही आठवडे, कधी काही महिने वापरूनच कळतं. ते पटलं की मगच पक्कं काम. इम्प्लांट असेल तर टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने. हे तंत्र काही कालचं नाही, स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या पेशंटला असे स्क्रू बसवले आणि त्या माणसाला ते पुढं चाळीसेक वर्षं टिकले. पण बिडी-सिगरेट ओढणाऱ्यात इम्प्लांट फेल जायचं प्रमाण जास्त, एवढं ध्यानात ठेवा.

काम झाल्यावर पण सुट्टी नाही. कॅपला कीड लागत नाही पण कॅपच्या कडेला दाताला लागते, ब्रिजच्या खाली बारीक ब्रश घालावा लागतो, दात खाणाऱ्यांनी रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं प्लास्टिकचं कवच, लावायचा, नाहीतर झिर्कोनियाच्या (पांढऱ्या कडक सिरॅमिकच्या) कॅपसमोरचा आपला नैसर्गिक दात झिजेल.

आणि खर्चाचं, जे सगळ्यांच्या मनात असतं पण विचारायला लाज वाटते. एकदम पैसे नसतील तर टप्प्यानं करता येतं, आधी दुखणं आणि हिरड्या, मग दाढा, पुढचे दात शेवटी. मेटलची कॅप दिसायला चांगली नसते पण मागच्या दाढेला मस्त चालते. काढता-घालता येणारी कवळी पण चावा उभा करते, त्यात कमीपणा काही नाही. डॉक्टरला सरळ म्हणा, माझ्याकडं एवढे आहेत, यात काय आधी करायचं ते लिहून द्या.